आमची वांगी, तिचा दिवा

आमच्या लॅबमध्ये पीएच.डी. करणाऱ्या आम्ही दोघीच होतो, मी आणि गडहिंग्लजची एक मुलगी. विषयही जवळजवळ एकच: भाजीवर राहिलेलं कीटकनाशक ओळखायचं. माझं काम एका जुन्या यंत्रावर चालायचं, आणि ते यंत्र बरेच दिवस पुण्याच्या मेकॅनिकची वाट बघत पडून असायचं. तिनं मात्र काचेच्या पट्टीवर एक एन्झाइम बसवलं होतं. त्यावर भाजीचा अर्क टाकायचा, मग एक द्रावण घालायचं आणि पट्टी अतिनील दिव्याखाली धरायची. भाजी स्वच्छ असली तर पट्टी निळी चमकायची. औषध असलं तर एन्झाइम निकामी व्हायचं आणि चमक मंदावायची. पहिल्यांदा ती पट्टी चमकली तेव्हा सगळं डिपार्टमेंट बघायला लोटलं. मीही टाळ्या वाजवल्या. दुपारी डबा मात्र उघडला नाही.

पुढं तिला थेट शेतातली भाजी हवी होती. सर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हिच्या वडिलांची शेती आहे की कुरुंदवाडला!" मला हो म्हणावंच लागलं.

माझे वडील, आप्पा, वांगी लावायचे. 'तू नेमकं करतीस काय?' असं त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिला मात्र ते बांधावरनं हिंडवत होते, कुठल्या सरीवर कधी फवारलं ते सांगत होते. आईनं तर कहर केला. तिचं माहेर सीमेपलीकडचं. ही पोरगी कानडी बोलते म्हटल्यावर दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की मी तांब्या घेऊन नुसती उभी. मला आईनं कानडी कधी शिकवलीच नव्हती.

दुपारी माजघराची खिडकी लावून तिनं दिवा पेटवला. परसातल्या वांग्याची पट्टी झकास चमकली. बाजारात जायच्या पाटीतल्या वांग्याची जेमतेम. आता आप्पा भडकणार, हिला दारात उभं करणार नाहीत, असं मला वाटलं. खरं तर मी त्याचीच वाट बघत होते.

"परत लाव," आप्पा म्हणाले.

परत तेच.

"व्हय. परवाच औषध मारलंय," ते शांतपणे म्हणाले. "मग किती दिस थांबायचं, पोरी?"

"असं सांगता न्हाय यायचं, आप्पा. रोज एक वांगं बघूया की."

म्हणून ती आमच्याच घरी राहिली, माझ्या खोलीत. माझं यंत्र दुरुस्त झालं होतं, मी कोल्हापूरला लॅबमध्ये परतले. काही दिवसांनी होस्टेलवर आप्पांचा फोन आला. "आज चमकली बघ!"

"कोण?" मी मुद्दाम विचारलं.

"पट्टी की गं!"

त्यानंतर फवारल्यावर तेवढे दिवस गेल्याशिवाय आप्पा तोडा करत नसत.

तिच्या व्हायवाला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. वांगी कुठली, असं परीक्षकांनी विचारल्यावर तिनं आप्पांना उभं राहायला सांगितलं. हॉलभर टाळ्या पडल्या. आप्पा लाजले.

माझी व्हायवा त्यानंतर वर्षानं झाली. आप्पा आले, शेवटपर्यंत बसले, पेढेही त्यांनीच वाटले. इंग्रजीतल्या माझ्या बोलण्यातलं त्यांना काय कळलं, ते मी विचारलं नाही. परतीच्या एसटीत बसताना ते एवढंच म्हणाले, "ती पोरगी आली न्हाय व्हय गं?"