बाबांची हलगी, माझा बीट

माझं मराठी कच्चं आहे आणि संगीतावर लिहिण्याइतकं मी अजून शिकलेलोही नाही, तरी लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत आलेला मी पहिलाच.

परवा ब्रिस्टलच्या फ्लॅटमध्ये मित्राने ओले लेदरचे हातमोजे हीटरवर टाकले. तापल्या चामड्याच्या त्या वासाने मी साउथहॅम्प्टनच्या आमच्या किचनमध्ये पोचलो. मी चौदा वर्षांचा होतो. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी बाबा गॅसवर हलगी तापवत होते. माझ्या लॅपटॉपवरच्या रॅपच्या बीटमध्ये न्यूयॉर्कचे कोरडे, कडक ड्रम्स होते आणि लॉस एंजेलिसचा रेंगाळणारा बेस. अमेरिकेचे दोन्ही किनारे उसने, माझं त्यात काहीच नव्हतं.

"बाबा, हलगी रेकॉर्ड करू?"

"तुझ्या आजोबांनी गावाच्या हुकमावर वाजवणं सोडलं, त्यापायी मार खाल्ला. ही आता कुणाच्या मागे वाजणार नाही."

तेव्हा वाटलं, त्यांना माझं म्युझिकच आवडत नाही. आज कळतं, ते आजोबांचा मान राखत होते.

"मागे नाही, सगळ्यात पुढे ठेवतो. ड्रम्स, बेस, सगळं कमी करतो."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांनी हलगीवर काडीचा ठोका दिला. तेवढ्यात स्मोक अलार्म किंचाळला.

"अहो, फायर ब्रिगेड येईल!" आई ओरडली. बाबा थांबले नाहीत.

ते रेकॉर्डिंग घेऊन मी वर्षानुवर्षं मिक्स करत राहिलो. काल ईमेल आला: आमच्या म्युझिक कोर्सच्या कार्यक्रमाची सुरुवात त्याच ट्रॅकने होणार आहे. बाबांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं.

"हलगी पुढेच आहे ना?"

"सुरुवातीला फक्त तीच आहे, बाबा."