डोळ्याला विटी लागली म्हणे

विशीतली मी आज दारात येऊन उभी राहिले, तर मी तिला घरात घेणार नाही. आधी चूळ भरून ये, म्हणेन.

तोंडात मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटाने हिरड्यांना चोळत बसायचं. मी चाळीच्या गॅलरीत अर्धा अर्धा तास बसायचे. काळी लाळ हनुवटीवर यायची, ती मनगटाने पुसायची. कुणी हटकलं तर वर तोंड करून सांगायचे, "कंबर धरलीय. मिश्रीने मोकळी होते." कंबर खरंच धरलेली असायची. रात्रभर पडून सकाळी पाठीची फळी व्हायची आणि पाणी भरायला लागले की तासाभरात सुटायची. सुटायची हालचालीने, कौतुक मिश्रीचं. अक्कल तेवढीच होती.

त्याच वर्षी डावा डोळा लाल झाला. चिपडं नाहीत, पाणी थोडंच, पण उजेड दिसला की आत सुई फिरायची. चाळीने ठरवलं, डोळे आलेत. मग उपचार सुरू. शेजारच्या बाळंतिणीने वाटीत अंगावरचं दूध काढून दिलं, ते घातलं. मग गावचा मध. मग तूप, आणि ते लावलं कुठल्या बोटाने, तर मिश्रीच्या. लिहितानाही शिसारी येते. दीडेक महिन्याने दुखायचं थांबलं, पण बाहुली गोल राहिली नाही. आत कुठेतरी चिकटून वेडीवाकडी झाली. त्या डोळ्याला तेव्हापासून अंधुकच दिसतं.

लगेचच मला बघायला मंडळी यायची होती. आई म्हणाली, "डोळ्याचं विचारलं तर लहानपणी विटी लागली म्हण. आणि बाबांच्या पाठीचं विचारलं तर गिरणीत साचे चालवून वाकली." बाबा चाळिशीतच इतके वाकले होते की समोरच्याचं तोंड बघायला मान तिरकी करायचे. त्यांचाही डोळा मधूनच लाल व्हायचा. हे बाहेर कळलं असतं तर मला कोण करून घेणार होतं? दोन्ही थापा मी झकास मारल्या. पुढे विटीला तपशील जोडले: कुणी मारली, कुठल्या अंगणात, मी रडू नये म्हणून पेरू कसा दिला. नवरा जाईपर्यंत त्या पेरूवर विश्वास ठेवून होता.

वर माझा तोरा असा की नातीला आठवीत चष्मा लागला, तेव्हा मी सुनेला ऐकवलं, "आमच्याकडे कुणाचे डोळे खराब नाहीत गं. तुझ्या माहेरचं असणार."

गेल्या वर्षी याच नातीचा डोळा लाल झाला. चोवीस वर्षांची, पवईला नोकरी. आमच्या बोरीवलीत डोळ्यांची साथ चालूच होती, तेव्हा सुनेने मेडिकलमधून ड्रॉप्स आणले. पोरगी पडदे ओढून उशीत तोंड खुपसून पडली. मी जवळ जाऊन बघितलं. चिपडं नाहीत. मला कळलं. ती सकाळी कुशीवर वळून, हात टेकून, म्हातारीसारखी उठते हेही मी वर्षभर बघत होते आणि लॅपटॉपला शिव्या घालत होते.

कळलं, आणि मी दोन दिवस गप्प बसले. बोलायचं म्हणजे विटीपासून सगळं उकरायचं, तेही सुनेसमोर. त्याऐवजी मी सल्ला दिला, "गार पाण्याची पट्टी ठेव." मिश्री चोळणाऱ्या त्या पोरीपेक्षा या दोन दिवसांतल्या म्हातारीची मला जास्त किळस येते. ती पोरगी निदान अडाणी होती.

तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आजी, घड्याळ दिसत नाही गं या डोळ्याने. धूर भरल्यासारखं झालंय."

मीच दोघींना रिक्षात घातलं आणि कांदिवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी यंत्रातून बघितलं. "हे डोळे येणं नाही. डोळ्याच्या आत सूज आहे, बाहुली चिकटायला लागलीय. औषध आत्ताच सुरू करू." मग विचारलं, "सकाळी पाठ आखडते?"

"ते बसून बसून," नात म्हणाली.

"घरात कुणाला असं? पाठ धरणं, डोळा लाल होणं?"

"कुणालाच नाही," सून ठामपणे म्हणाली. "माझ्या माहेरी नाही आणि यांच्याकडेही नाही. आईंचा डोळा अधू आहे, पण त्यांना विटी लागली होती."

माझीच थाप तिच्या तोंडून स्वच्छ ऐकू आली.

"विटीबिटी काही लागली नव्हती," मी म्हटलं. मग बाबांची पाठ, माझी पाठ, दूध, मध, तूप, मिश्री, सगळं ओकले. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. म्हणाल्या, "आजी, हे रक्तातून येऊ शकतं. सगळ्यांना होतंच असं नाही, पण डोळ्याचं आणि पाठीचं दुखणं एकाच आजाराचं असू शकतं. आता सांध्यांच्या डॉक्टरांनाही दाखवायचं. आणि तंबाखूने हे बिघडतं, कुठल्याही रूपात."

नात चपलेकडे बघत म्हणाली, "सिगरेट पण?"

"तू ओढतेस?" सून.

"ऑफिसखाली. चार-पाच. आई, प्लीज, इथे नको."

"इथेच बोल," मी म्हटलं. "माझं निघालंय तर तुझंही निघू दे."

औषधाने बाहुली सुटत गेली, धूर ओसरला, घड्याळ दिसायला लागलं. एक कोपरा मात्र चिकटलेलाच राहिला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नजरेला धोका नाही. दोन दिवस आधी आला असतात तर कदाचित हाही सुटला असता."

सुनेने माझ्याकडे बघितलं.

"ते दोन दिवस माझे," मी म्हटलं.

ती नाही म्हणाली नाही.