सिस्टरची फियाट जागच्या जागी

नळदुर्गच्या दैवशाला सिस्टरांनी तीस वर्षं उपकेंद्रात काढली, हजारभर बाळं हातावर झेलली. पण गावात त्यांचं नाव जास्त झालं ते पिवळ्या फियाटमुळं. नवरा गेल्यावर दीर गाडी विकायला निघाले, तेव्हा "आधी मला चालवून बघू द्या" म्हणत त्या चाळिशीत गाडी शिकल्या.

गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही थकलेले. थांबायचं म्हटलं की आधी दोनदा पायडल हापसायचं, मग दोन्ही पायांनी त्यावर जवळजवळ उभंच राहायचं. अणदूरला उतरायचं तर सिस्टर नळदुर्गातच ब्रेक दाबतात, असं लोक म्हणायचे. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं सिस्टरच हसायच्या.

गेल्या श्रावणात मात्र ते हसू पळालं. लेक शिवांजलीला घेऊन येडशीला रामलिंगाला निघाल्या होत्या. उतारावर ब्रेक तापले, करपट वास सुटला आणि पायडल थेट खाली टेकलं. सिस्टरांनी गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"आई, आता विकायचीच ही," शिवांजली म्हणाली.

"विकायची न्हाय. थांबायला शिकवायची."

दुसऱ्याच दिवशी सिस्टर हायवेवरच्या महांतप्पा मिस्त्रींकडं गेल्या. "नव्या गाड्यांसारख्या डिस्क बसवा पुढं. उघडी चकती, दोन्हीकडनं चिमटा, वर वारा लागतो. म्या मोबाईलवर बघितलंय."

"सिस्टर, म्हातारीला नवं गुडघं बसवायचं का आता?"

"माझ्या नणंदेला दोन्ही बसवलेत. लई पळती!"

मिस्त्री हरले. सोलापूरच्या भंगारातून एका छोट्या गाडीच्या डिस्क आल्या. लेथवाल्या बिराप्पांनी त्या जोडायला जाड पट्ट्या कापून दिल्या. पहिल्यांदा चिमटा रिमला घासला, म्हणून पट्टी तीन सूत आत घेतली. सगळं बसलं, पण पायडल दाबावं तर गादीत पाय रुतल्यासारखं. ब्रेक ऑइलच्या नळीत हवा अडकलेली. मिस्त्रींनी दोन दिवस ऑइल ओतलं, पायडल हापसलं, हवा हलेना.

सिस्टर घरी गेल्या आणि मोठी कोरी सिरिंज घेऊन आल्या.

"सरका. हवेला वर जायचंय, तुम्ही तिला खाली ओढताय. सिरिंजमधली हवा काढण्यात माझा जन्म गेला."

चाकाजवळच्या तोटीला नळी लावून त्यांनी खालून हळूहळू ऑइल ढकललं. वरच्या ऑइलच्या डबीत बुडबुडे फुटू लागले. शेवटचा बुडबुडा फुटला तसं पायडल दगडासारखं टणक झालं. मिस्त्रींनी सिस्टरांना चक्क हात जोडले.

मग अक्कलकोट रोडला चाचणी. शेजारी मिस्त्री, मागं शिवांजली आणि भज्यांची पुडी धरून बिराप्पा. रस्ता मोकळा. काटा चाळीसवर गेला आणि सिस्टरांनी सवयीनं दोन्ही पायांनी ब्रेक हाणला.

गाडी जागच्या जागी! मिस्त्रींची टोपी काचेवर, भजी सिस्टरांच्या मांडीवर. मग सिस्टरांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"परत!" त्या म्हणाल्या.

चारदा, पाचदा. सहाव्यांदा नुसत्या पायाच्या अंगठ्यानं. शेरडं घेऊन चाललेले सिदूमामा थबकले.

"गाडी बिघडली का, सिस्टर?"

"न्हाय मामा, सुधारली! बसा!"

मामांनी बिराप्पांना उतरवून शेरडं त्यांच्या हवाली केली, मिस्त्रींना मागं पाठवलं आणि काठीसकट पुढं बसले. थोड्या वेळानं लांबून ब्रेकचा कचकन आवाज आला, आणि मागोमाग सत्तर वर्षांच्या मामांची आरोळी, "आरं बाबौ! आणिक एकदा, सिस्टर, आणिक एकदा!"

बिराप्पा मात्र वीस शेरडांच्या मधोमध उभे राहून, कुठलं कुठं पळतंय ते बघत होते.