जपलेला डोळा

पद्मनाभरावांनी निपाणी सोडली ती नोकरीसाठी. बेंगळुरूच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढता काढता ते पक्के बसवनगुडीकर झाले. निपाणी मात्र त्यांनी निवृत्तीनंतर अवकाशात नेऊन वसवली. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांना आकाशगंगा जिंकायचं वेड लागलं. ग्रह वसवायचे, खाणी खणायच्या, आरमार बांधायचं, शेजारच्या साम्राज्याशी आज तह करून उद्या त्याच्याच अंगावर जायचं, असला तो खेळ. राजधानीच्या ग्रहाचं नाव निपाणी, भोवती संकेश्वर, गोकाक, खानापूर. नवा खेळ निघाला की घ्यायचा सेल लागल्यावर, पण तो आपल्या जुन्या मशीनवर चालेल का, याची चर्चा मल्लेश्वरमच्या दयानंदशी पहिल्याच दिवशी सुरू. दयानंद त्यांचा कारखान्यातला सहकारी आणि याच रोगाचा दुसरा रोगी. दोघांचे फोन ऐकताना श्यामलाबाईंना हसू येई. कोथिंबीर आणायला विसरणारी माणसं सूर्यमाला सांभाळायला निघाली होती!

मग काचबिंदूनं पद्मनाभरावांचा डावा डोळा नेला. उजव्याचं काय होणार, हे डॉक्टरांनी श्यामलाबाईंना बाहेर बोलावून सांगितलं. तोही जाणार. औषधाच्या थेंबांनी थोडा उशीर होईल, इतकंच. "जे बघायचंय ते आत्ताच बघून घेऊ द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले.

ऑटोत बसल्यावर पद्मनाभरावांनी विचारलं, "काय म्हणाले गं?"

श्यामलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "जपलात तर राहील म्हणाले."

आता हा माणूस जन्मभर पेन्सिल बोटांत धरता येईनाशी होईपर्यंत वापरणारा. त्यानं डोळा जपायचा म्हणजे कसा? वापरायचाच नाही. दुसऱ्या दिवसापासून घडी घातलेला रुमाल डोळ्यांवर आला. पेपर बंद, टीव्ही बंद, संध्याकाळचं फिरणं बायकोचा दंड धरून. चार दिवसांत कंटाळतील, असं श्यामलाबाईंना वाटलं होतं. ते कंटाळले नाहीत. खरं सांगून टाकावं असं त्या रोज सकाळी ठरवायच्या, आणि पद्मनाभराव कॉफीचा घोट घेत म्हणायचे, "आज स्वल्प बरं वाटतंय बघ, श्यामला." मग कुठून जीभ रेटणार? बाई भित्र्या नव्हत्या. पण नवऱ्याचा उजळलेला चेहरा विझवायची त्यांची छाती झाली नाही.

खेळ तेवढा सुटेना. पद्मनाभराव रुमाल बांधून खुर्चीत बसायचे आणि श्यामलाबाई शेजारी माऊस धरून पडद्यावरचं वाचून दाखवायच्या. निळे ठिपके आपले, लाल शत्रूचे, एवढ्या शिकवणीवर त्यांना सेनापती करण्यात आलं. हुकूम सुटायचे, बाई बटणं दाबायच्या, कधी भलतंच दाबायच्या.

गणपतीच्या दिवसांत गोकाक पडलं. बाईंनी सरळ सांगितलं. त्या दुपारी पद्मनाभरावांनी ताट बाजूला सारलं. "मला दिसत असतं तर गोकाक गेलं नसतं," एवढंच बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी श्यामलाबाई म्हणाल्या, "अहो, गोकाक परत आलं!" त्यांनी भात मागून घेतला.

एकदा खोटं बोललं की ते निस्तरायला आणखी दहा बोलावी लागतात. पडद्यावर लाल रंग ग्रहामागून ग्रह गिळत होता आणि बाईंच्या तोंडून निळं साम्राज्य पसरत होतं. पद्मनाभराव त्या लढाया दयानंदला रंगवून सांगायचे. दिवाळी झाल्यावर एका सकाळी बाईंनी शत्रूची राजधानीच पाडली. कधीतरी हे संपवायला हवं होतं, आणि विजयावर संपलेलं बरं.

"अण्णा, असला विजय नुसता ऐकून काय करायचा?" दयानंद फोनवर ओरडला. "बघायला पाहिजे की हो!"

फोन ठेवून पद्मनाभरावांनी रुमालाच्या गाठीला हात घातला.

"अहो, नको. डोळ्याला ताण पडेल."

"स्वल्पच बघतो. इतकं साठवलंय, थोडं खर्च करू की."

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते हळूच सोडवून घेतलं आणि रुमाल काढला. उरलेली नजर आता बिळातून पाहिल्यासारखी झाली होती. पडद्यावरून ते मान सावकाश फिरवत गेले. लाल. लाल. पुन्हा लाल. कोपऱ्यात एकटी निपाणी निळी.

"गोकाक कुठं आहे?"

"गेलं."

"कधी?"

"गणपतीत. परत आलंच नाही."

श्यामलाबाई आरडाओरड्याची वाट बघत राहिल्या. पण हा माणूस आराखडे तपासण्यात मुरलेला. एक माप चुकलेलं सापडलं की तो सगळीच मापं पुन्हा घ्यायचा.

"मग डॉक्टर काय म्हणाले होते?"

आता काही उरलं नव्हतं. रडत रडत बाईंनी सगळं सांगितलं.

"म्हणजे जपून काही उपयोग नव्हता."

"नव्हता."

"आणि तू मला रोज धुतलेला रुमाल देत होतीस."

त्यांच्या आवाजात राग असता तर बाईंना सोसला असता. त्यात नुसती ओळख पटत नसल्यासारखी शंका होती. पन्नाशीला टेकलेल्या संसारात असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

मग ते म्हणाले, "हर्षिताच्या बाळाचा फोटो लाव."

मे महिन्यात लेक पुण्याहून तान्ह्या मुलीला घेऊन आली होती. पद्मनाभरावांनी नातीला मांडीवर घेतलं होतं, बोटांनी तिचं नाक चाचपलं होतं आणि रुमाल न काढता म्हटलं होतं, "आजोबा तुला सावकाश बघतील हं." श्यामलाबाई तेव्हा तिथेच उभ्या होत्या.

त्यांनी पडद्यावर फोटो लावला. पद्मनाभराव पुढे झुकले. "हा कान," ते म्हणाले. मग, "ही हनुवटी." खुर्ची मागे घेतली तर सगळंच धुरकट झालं. पुन्हा पुढे आले, पुन्हा कान सापडला आणि डोळे हरवले. अख्खा चेहरा काही त्यांच्या नजरेत मावेना.

"मे महिन्यात दिसली असती का गं?"

"दिसली असती," श्यामलाबाई म्हणाल्या.