विकतची हरळी

बोईसरला घर घेतलं तेव्हा पुढच्या मातीच्या तुकड्यावर लॉन करायचा हट्ट माझाच. होळीनंतर आमच्याकडे टँकर येतो, बोअरला खारं पाणी. म्हणून दुकानदाराने कमी पाण्यावर तगणारं बी दिलं. पाकिटावरचं इंग्रजी नाव वाचून मी खूश झालो. ती आपली हरळीच, हे घरी आल्यावर कळलं. तरी पेरली. भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवली.

हिरवी लव दिसायला लागली तेवढ्यात जवळच्याच माहीम गावाहून आई आली. तिचा जन्म पानवेलीच्या वाडीत हरळी खणण्यात गेलेला. मी कामावरून परतलो तर अंगण उघडं आणि कुंपणाशी मुळांसकट ढीग.

"केवढी माजली व्हती, तुला दिसत नाय?" आई हात धूत म्हणाली. तेही टँकरच्या पाण्याने.

माझं डोकंच फिरलं. "मी लावली होती ती!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली बसून एकेक मूळ परत मातीत खोचू लागली.

वाडीत तिने जन्मभर उपटली, तरी हरळी मेली नव्हती. इथे आम्ही दोघांनी रोज पाणी घातलं, एक काडी जगली नाही.