मधोमध बसलेला केक

रविवारी दुपारी उन्हं कलली की आमच्या घरात एक वास हळूहळू पसरू लागतो. आधी येतो तो तुपाचा, मग भाजत आलेल्या रव्याचा खमंग, आणि या दोहोंच्या मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा संकोचत, वेलचीचा. हा वास स्वयंपाकघराच्या दारात जरा रेंगाळतो, बाहेरच्या खोलीत येतो आणि मी मुद्दाम उघड्या ठेवलेल्या दारातून पॅसेजमध्ये निघून जातो. एकोणिसाव्या मजल्यावरच्या त्या चकचकीत, निर्मनुष्य पॅसेजमध्ये त्याला कोण भेटतं? आजवर तरी कुणीच नाही. तरीही दर रविवारी दार मी उघडंच ठेवते. ते का, हे सांगायचं तर तुम्हाला माझ्या केकची सगळी कुळकथा ऐकावी लागेल, आणि ती काही फार मानाची नाही.

केक या पदार्थाचा मला पहिल्यापासून धाक. आमचे बाकीचे पदार्थ कसे समजूतदार असतात! आमटी पातळ झाली तर उकळून आटवता येते, पुरणपोळी फाटली तर दुमडून वाढता येते, लाडू वळले जाईनात तर त्यांना चुरमा म्हणायचं आणि वाटीत घालून द्यायचं. केकचं तसं नाही. एकदा त्याला आत ठेवलं की तुमचा-त्याचा संबंध संपला. ढवळणं नाही, चाखणं नाही, चिमूटभर मीठ वाढवणं नाही. करणारीनं काय करायचं, तर स्वस्थ बसायचं! जिचा हात सतत काहीतरी सावरण्यात गेला, तिला हे स्वस्थ बसणं किती अवघड जात असेल, याची पाककृती लिहिणाऱ्यांना कल्पना तरी असते का? विमा कार्यालयात मी उभी हयात आकडेमोड केली, वरिष्ठांना चुका दाखवल्या, पण पिठाचं मिश्रण ढवळून ओतताना माझे हात अजूनही गारठतात.

अशा डळमळीत हाताच्या माणसांसाठी रव्याचा केक आहे. हा केक क्षमाशील. एक वाटी बारीक रवा, तेवढंच दही, त्याहून जरा कमी साखर, चार चमचे पातळ तूप, आणि दूध लागेल तसं. हे सारं कालवून झाकून ठेवायचं आणि घरातली दुसरी कामं करायची. रवा फुगून घट्ट झाला की दूध घालून पुन्हा सैल करायचं. खायचा सोडा अगदी शेवटी, भांडं आत ठेवायच्या क्षणी घालायचा. दही थोडं आंबट असलं तर उत्तमच. साखर कमी-जास्त झाली तरी तो रुसत नाही, अंड्यावाचून त्याचं अडत नाही. एकच गोष्ट त्याला सहन होत नाही. पुरता भाजायच्या आत झाकण उघडलं, की त्याचा मधला भाग खाली बसतो.

आणि नेमकी हीच एक गोष्ट आमच्या चाळीत अशक्य होती.

आम्ही तेव्हा लालबागला राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर. ओव्हन कुणाच्या स्वप्नातही नव्हता. जाड बुडाच्या पातेल्यात खडेमीठ पसरायचं, ते तापलं की त्यावर अल्युमिनियमचा डबा ठेवायचा, वर थाळा झाकायचा आणि गॅस बारीक करायचा. ते मीठ भाजून भाजून करड्या रंगाचं झालं होतं आणि फक्त केकसाठी निराळ्या बरणीत राहायचं. थाळा झाकला रे झाकला, की शेजारच्या खोलीतून तारामावशी येत. आमची भिंत सामाईक होती. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक यायची. मावशी मूळच्या मालवणकडच्या, बोलणंही शेवटपर्यंत तिकडचंच. "काय शिजता गो?" असं विचारत त्या आत येत आणि उत्तराची वाट न पाहता सांडशीनं थाळा वर उचलत. "नुसता बघतंय. फुगलो हा काय?" फुगलेला असे. त्या बघत, समाधानानं थाळा ठेवत, आणि त्या क्षणापासून तो खाली बसायला लागे.

मावशी गेल्या की वासाच्या मागावर आणखी कुणी येई आणि पुन्हा थाळा उचलला जाई. चाळीत शिजणाऱ्या पातेल्यात डोकावणं हा आगाऊपणा नव्हता, विचारपूस होती. तब्येत कशी आहे म्हणून माणसाच्या कपाळाला हात लावावा, तितकं ते साधं होतं. त्यामुळे माझ्या केकच्या मधोमध कायम एक ऐसपैस खड्डा पडे, आणि तो पाडणाऱ्यांनाच मग त्याची काळजी लागे. मावशी धावत जाऊन ओल्या खोबऱ्याचं गूळ घातलेलं चून आणत आणि खड्ड्यात भरत. कधी त्यात कुणाकडचं उरलेलं श्रीखंड असे, कधी आंब्याचा रस, एकदा तर गणपतीचे चुरलेले पेढे होते. कडेचा केक कुरकुरीत, मधला गोड आणि ओला. खड्ड्यावरून पोरांची भांडणं होत. हा दोष आहे हे आमच्या मजल्यावर कुणाला ठाऊकच नव्हतं. माझी मुलगी मुक्ता दादरला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली, तेव्हा समोर आलेला सपाट केक पाहून तिनं विचारलं होतं, "याचा खड्डा कुठेय?"

मग चाळ पाडली, त्याच जागी टॉवर उभा राहिला. मध्ये काही वर्षं आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो होतो. परत आलो तेव्हा कुणाला कुठला मजला हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठीला काय माहीत, कुणाची भिंत कुणाच्या भिंतीला लागून होती? आम्ही एकोणिसाव्यावर गेलो, मावशी तिसऱ्यावर राहिल्या. घरं छान आहेत, हे मी कबूल करते. स्वतःचा संडास, चोवीस तास पाणी, खिडकीतून शिवडीची खाडी दिसते. तक्रार करणाऱ्यांतली मी नाही. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांना मी तिथल्या नळाच्या रांगेची आवर्जून आठवण करून देते.

पण मावशी वर येईनात. लिफ्टची त्यांना भीती वाटते हे खरं होतं, त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत हेही खरं होतं. खरं कारण मात्र त्यांनीच एकदा खाली बाकावर बसल्या बसल्या सांगितलं. "बेल मारून कोणाकडे जावचा म्हणजे कायतरी काम व्हया मां. माझा काय काम?" त्यांचा मुलगा वसईला असतो. तो त्यांना कायमचं तिकडे चला म्हणत होता आणि त्या नाही म्हणायचं थांबल्या होत्या. "हंय तरी माझ्याकडे कोण येता गो?" असं त्या म्हणाल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं. मावशी गेल्या तर या इमारतीत मला एकेरीत हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं.

अशा दिवसांत मुक्तानं मला ओव्हन घेऊन दिला. त्याला काचेचं दार आणि आत पिवळा दिवा, म्हणजे न उघडता बघण्याची सोय! मी भीत भीत पहिला केक ठेवला आणि काचेसमोर स्टूल घेऊन बसले. कुणी आलं नाही. कुणी काही उघडलं नाही. केक शांतपणे फुगत गेला, वर आला, त्याच्या माथ्यावर बदामी रंग चढला आणि तो तसाच राहिला, घुमटासारखा, अखंड. आयुष्यात पहिल्यांदा माझा केक बसला नव्हता! मला झालेला आनंद मी नाकारत नाही. मी त्याचे फोटो काढले, ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना पाठवले, त्यांनी वाहवा केली. चहाबरोबर आम्ही नवरा-बायकोनं दोन-दोन तुकडे खाल्ले. उरलेला तसाच ताटात बसून राहिला.

मग मी चांगला मोठा वाटा स्टीलच्या डब्यात भरला आणि यांच्या हाती मावशींकडे धाडला. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मावशींच्या हातून परत येणाऱ्या डब्यात नेहमी काही ना काही त्यांच्या घरचं असे. कोकमाची सोलं, कुळथाची पिठी, कधी कागदात बांधलेली सुकट. त्या दिवशी डबा आला. उघडला तर तळाशी चमचाभर साखर होती.

तुम्ही आमच्यातले असाल तर हे तुम्हाला सांगायला नको. साखर घालतात ती परक्यांच्या डब्यात. नवं बिऱ्हाड, सोसायटीचे सेक्रेटरी, मुलीच्या सासरचं कुणी, अशांना. तीस-एक वर्षांच्या शेजारात मावशींनी मला साखर कधी घातली नव्हती. मी लगेच फोन लावला. माझा काय अपराध झाला हे मला विचारायचं होतं, पण त्याआधी मावशीच अगदी नेमस्त आवाजात म्हणाल्या, "केक बरो होतो हां. खंयच्या बेकरीतलो? माका वाटला, आता तुमी मोठ्या घरात गेलास, विकतचो वाटतास." मी म्हटलं, "अहो मावशी, मीच केलाय, घरी." मग त्या म्हणाल्या, "कायतरीच सांगतंस. मधी खड्डो नाय, तो तुझो केक कसो?"

हसावं की रडावं मला कळेना. जो केक साधायला मी जन्मभर धडपडले, तो साधला तेव्हा माझ्या सगळ्यात जवळच्या माणसाला तो ओळखताच आला नाही! निर्दोष होण्यात असा काही धोका असेल हे कधी कुणी सांगितलं होतं का? वस्तू बिनचूक झाली की तिच्यावरचे बोटांचे ठसे पुसले जातात. मग ती कुणाचीही असू शकते. मावशींनी साखर घातली ती रागानं नव्हे. त्यांच्या लेखी तो डबा खरोखरच परक्या घरातून आला होता.

पुढच्या रविवारी मी माळ्यावरून जुनं पातेलं काढलं. करड्या मिठाची बरणी मी टाकली नव्हती, ती सापडली. कालवलेला रवा, पातेलं, बरणी असा लवाजमा घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर उतरले. बेल न मारता दारावर थाप मारली आणि मावशींनी दार उघडताच सरळ त्यांच्या ओट्याशी गेले. "तुमच्या गॅसवर करतेय," एवढंच म्हटलं. मीठ तापलं, सोडा पडला, थाळा झाकला गेला. मी मटार सोलायच्या निमित्तानं पाठ करून बसले.

तूप सुटल्याचा वास आला. रव्याचा आला. मावशी जागच्या हलल्या नाहीत. या नव्या घरानं यांना इतकं शहाणं करून सोडलं की काय? अखेर मागून आवाज आला, अगदी दबका. "बघू काय गो?"

विचारत होत्या! माझ्या पातेल्यावरचा थाळा उचलायला तारामावशी परवानगी मागत होत्या! मी मागे न वळताच म्हणाले, "मावशी, विचारताय कसलं? केव्हाची वाट बघतेय मी." सांडशी खणखणली. "फुगलो हा गो," त्या म्हणाल्या, आणि पाठोपाठ, बऱ्याच खालच्या सुरात, "ह्यां बघ, बसलो."

तो बसला. चांगला ऐसपैस बसला. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग मावशींनी नारळ फोडला, गूळ किसला, चून शिजवलं आणि स्वतःचं दार सताड उघडून शेजारच्या, तोवर तोंडओळखही नसलेल्या बाईंना हाक दिली. त्या आल्या त्या वाटीत दाट साय घेऊन. निघताना मावशींनी माझा डबा भरला. त्यात सोलं होती. "पुढचो केक तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पण मी बेल मारूचंय नाय हां."

म्हणून हे उघडं दार. त्यानंतरचे सगळे रविवार मी ते उघडं ठेवत आले. लिफ्टची भीती मावशींना तिसऱ्या मजल्यावरच अडवत राहिली, आणि केक झाला की मीच खाली नेत राहिले. वसईचं काय ठरलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आज वास नुकताच वेलचीपर्यंत पोचला होता, तेवढ्यात लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला. मग पॅसेजमधून चपला घासत येणारी, मला पाठ असलेली ती चाल. भिंत धरत, धापा टाकत मावशी उघड्या दारातून आत आल्या. "डोळे मिटून इलंय त्या लिफ्टीतसून," त्या म्हणाल्या, आणि पाणी पिता पिता सहज सांगितल्यासारखं, "झिलाक कळवलंय, मी वसईक येवचंय नाय. आयतवारी माका हंय काम असता." मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

आता त्या ओव्हनसमोर उभ्या आहेत. आतला पिवळा दिवा लागला आहे, काचेतून केक स्वच्छ दिसतो आहे, गोल, फुगलेला, अजून ओलसर. पुरता व्हायला त्याला बराच अवकाश आहे. "काचेतसून काय कळता?" असं पुटपुटत मावशींनी ओव्हनच्या दाराला हात घातला आहे. मी नारळ खोवायला घेते.