टपाच्या गाडीपाशी उभा माणूस

लोक मला फोटो पाठवतात आणि विचारतात, "मॅडम, ही गाडी कोणती?" गाड्या जुन्यापुराण्या, अमेरिकन टूरिंग. चार दारं, वर कापडी टप, बाजूंना काचा नाहीत. मी जालन्याच्या मस्तगडात दोन खोल्यांत एकटी राहणारी रिटायर मास्तरीण, मला साधी स्कूटी चालवता येत नाही. पण रेडिएटरचा आकार, बॉनेटवरच्या उभ्या फटी, चाकाचे लाकडी आरे एवढं दिसलं की मी कंपनी सांगते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. नाव कळलं की माणूस "थँक्यू मॅडम" म्हणतो, जोडलेल्या हातांचं चित्र टाकतो आणि गायब. दिवसभरात माझा फोन दुसऱ्या कशासाठी वाजत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारते, फोटोतली माणसं तुमची कोण? त्याचं उत्तर फारसं कुणी देत नाही.

हा नाद मला आईपायी लागला. तिचे वडील जालन्यातल्या एका जिनिंगवाल्या शेठची टपाची गाडी चालवायचे. ती पाच-सहा वर्षांची असताना ते तापानं गेले. मागं एकही फोटो नाही. आईला त्यांचा चेहरा आठवायचा नाही, फक्त गाल आठवायचा. गरम रेडिएटरचं झाकण उघडताना वाफेनं भाजलेला उजवा गाल. ते तिला उजव्या कडेवर घ्यायचे आणि ती त्या गुळगुळीत डागावर हात फिरवत बसायची. म्हातारपणी तिनं एकच घोशा लावला होता, बापाचं तोंड एकदा बघायचंय.

मग एक दिवस कुंभार पिंपळगावहून तिच्या चुलतभावाचा मुलगा आला. घर रंगवायला काढलं तेव्हा त्याला पत्र्याच्या पेटीत एक फोटो सापडला होता. टपाची गाडी, शेजारी तीन कोटवाले, नंबरप्लेटला पाठ टेकून बसलेलं एक आगाऊ कुत्रं, आणि मडगार्डापाशी उभा एक उंच माणूस. गालावर भाजल्याचा डाग. मी ओरडलेच, "आई, सापडले गं!"

आईनं फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला आणि माझ्या हातात परत दिला.

"ह्यो न्हाई. ह्याचा डावा गाल भाजलाय. माझ्या बापाचा उजवा व्हता."

"अगं, इतक्या वर्षांत डावं-उजवं इकडचं तिकडं होतं."

"तुला शाळेतल्या पोरांचं डावं-उजवं कळतं, अन् मला माझ्या बापाचा गाल कळत न्हाई व्हय? ह्यो बिलकुल न्हाई!"

हट्टी बाई. पण मीही तिचीच लेक. म्हटलं, माणूस पटत नसेल तर गाडी पटवून देऊ. शेठच्या गाडीची एक खूण तिच्या लक्षात होती, पुढची काच आडवी दोन तुकड्यांची आणि वरचा तुकडा बाहेर ढकलता यायचा. मी जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपात शिरले, रोज फोटो बघून बघून शिकले. काच जुळली. फक्त स्टिअरिंग डावीकडं होतं, आणि आपल्याकडं आलेल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या. असेल एखादी तशीच आलेली, असं मी परस्पर ठरवून टाकलं. आई काही बधली नाही. "गाडी असंल ती. मानूस त्यो न्हाई."

तरी मधूनच म्हणायची, "आण बरं तो फोटो." चष्मा लावून त्या माणसाकडं बघत राहायची. शेवटच्या दुखण्यात एकदा असाच मागून घेतला, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माझा न्हाई. पन जपून ठेव. कुनाचा तरी बाप असंल."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. आला की "आई, नळ आला गं!" अशी हाक अजून माझ्या तोंडून जाते. मग सवयीनं सगळी भांडी भरते आणि बघत बसते, एकटीनं एवढ्या पाण्याचं करायचं तरी काय?

गेल्या महिन्यात एका दुपारी तीर्थपुरीच्या एका गृहस्थांचा फोटो आला. दुकानासमोर उभी टूरिंग. "मॅडम, ही डाव्या स्टिअरिंगची कशी काय?" मला हसूच आलं. लिहिलं, "अहो, मागच्या दुकानाची पाटी वाचा की! अक्षरं उलटी आहेत. निगेटिव्ह पालथी ठेवून फोटो छापलाय, उजवं ते डावं झालंय." पाठवलं आणि माझंच वाक्य मी पुन्हा वाचलं.

आमचा पेटीतला फोटो बाहेर काढला. त्यात पाटी नव्हती आणि नंबरप्लेट त्या मेल्या कुत्र्यानं झाकलेली. मग मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी सोडून त्या तीन कोटवाल्यांकडं बघितलं. कोटाचा वरचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो. तिघांचाही उजव्या बाजूला होता.

ग्रुपात दाखवायला काढलेली त्याची प्रत फोनमध्ये होतीच, आणि आरशासारखा फोटो उलटवायची सोयही. बोट लावलं. स्टिअरिंग उजवीकडं गेलं, खिसे डावीकडं गेले, आणि त्या उंच माणसाचा भाजलेला गाल उजवा झाला.

मी कुंभार पिंपळगावला फोन लावला. फोटो आणणाऱ्या मामेभावाला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे आत्या बराबर बोलत व्हती, ताई?"

"हो. आणि फोटोही बराबर होता."

"बरं झालं बघा. मंग आता?"

तो गाल ओळखणारं जगात एकच माणूस होतं. "बरंय, जयभीम" म्हणून त्यानं फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भरल्या हंड्यापाशी बसून मनसोक्त रडले.

तोंड धुऊन बाहेर आले तर तीर्थपुरीहून जोडलेले हात आले होते. मी ते तसेच ठेवले, आमचा फोटो उघडला आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी आईचा फोटो आहे त्याच्यासमोर फोन धरला. रिकाम्या घरात मोठ्यानं बोलायची लाज वाटली, तरी बोललेच.

"बघ बाई. कुणाचा तरी नव्हे गं, तुझाच होता."